दाराला कडी कुणी लावली? नाटकावरून सिनेमा करू पाहणाऱ्यांसाठी

पुण्यात एकांकिका गाजली की पंधरा दिवसांत ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, "याची फिल्म करू या ना." कॅमेरा कुणाच्या तरी मामेभावाकडे असतो, वाडा कुणाच्या तरी आजोळचा असतो आणि नट तर तयारच असतात, सगळ्यांचं पाठांतर चोख. मग चार दिवस शूटिंग होतं आणि हाती काय येतं? बहुतेक वेळा समोरून टिपलेलं नाटक. किंवा त्याहून वाईट म्हणजे 'नाटकासारखं वाटायला नको' या धास्तीने इकडेतिकडे पसरवलेलं नाटक, ज्यात जी माणसं दिवाणखान्यात भांडत होती तीच आता पर्वतीच्या पायऱ्या चढत आणि झेड ब्रिजवर गाडी लावून तेच संवाद म्हणतात.

या दोन्ही गोष्टी टाळायच्या तर काय क्रमाने काम करावं, ते इथे मांडतो आहे. हाताशी जुनं पाच अंकी संगीत नाटक असो, तीन अंकी असो की 'पुरुषोत्तम' करंडकाच्या स्पर्धेत केलेली एकांकिका, क्रम तोच. उदाहरणं आपल्या ओळखीची घेतली आहेत आणि 'एकच प्याला' (राम गणेश गडकऱ्यांचं, दारूपायी एका वकिलाचा संसार उद्ध्वस्त होण्याचं नाटक) मधूनमधून पुन्हा येईल, कारण ते सगळ्यांना साधारण ठाऊक आहे आणि त्याच्या अडचणी फार शिकवणाऱ्या आहेत.

1. आधी कागद

कंटाळवाणं काम पहिल्यांदा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं हक्क राहतो. ही 60 वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजायची. नाटककार देवल 1916 मध्ये गेले, गडकरी 1919 मध्ये, त्यामुळे त्यांच्या संहिता केव्हाच मोकळ्या झाल्या. खाडिलकर 1948 मध्ये गेले, म्हणजे 2009 पासून मोकळे. त्यांच्या 1911 च्या 'संगीत मानापमान'वर 2025 मध्ये सिनेमा आला. आचार्य अत्र्यांसाठी 2029 संपेपर्यंत थांबावं लागेल. शिरवाडकर 1999 मध्ये गेले, त्यांचा हक्क 2059 अखेरपर्यंत. तेंडुलकर 2008 मध्ये, त्यांचा 2068 पर्यंत. यातलं कुणाचं नाटक घ्यायचं असेल तर ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी हवी. 'आपली छोटीशीच फिल्म आहे' हे कारण कुठेही चालत नाही.

नवखी मंडळी फसतात त्या जागा वेगळ्याच आहेत. 'एकच प्याला' गडकऱ्यांचं, पण त्यातली बहुतेक पदं वि. सी. गुर्जरांची. म्हणजे पदांचा हिशेब गुर्जरांच्या तारखेने करायचा, गडकऱ्यांच्या नाही. चालीचा आणि ध्वनिमुद्रिकेचा हिशेब आणखी निराळा. शेक्सपिअर मोकळा आहे, पण विंदा करंदीकरांनी मराठीत केलेला 'राजा लिअर' वापरायचा तर तो विंदांचा आहे. आणि एकांकिकावाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: स्पर्धेच्या वेळी लेखकाने दिलेलं परवानगीपत्र हे प्रयोगापुरतं असतं. त्या कागदावर सिनेमा करता येत नाही. लेखक तुमचा कॉलेजातला मित्र असला तरी नवा कागद करा. मैत्री टिकवण्याचाही तोच मार्ग आहे.

त्या कागदावर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते लेखकाकडे परत जातात. महोत्सव, ओटीटी, दुसऱ्या भाषेतला रिमेक हे तिन्ही शब्द करारात हवेत. रक्कम मोठी असेल तर वकील गाठा.

2. संहिता तीनदा, सिनेमा शेवटी

आपल्याकडे उलटं होतं. यूट्यूबवर प्रयोग बघतात, जुना सिनेमा बघतात आणि पुस्तक आणलं तर आणतात. तसं केलं की नटाचा आवाज कानात बसतो आणि संहितेतलं दुसरं काही ऐकूच येत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत नाही मिळालं तर पुणे नगर वाचन मंदिर किंवा पुणे मराठी ग्रंथालयात जुनी नाटकं सापडतात.

पहिलं वाचन सगळ्यांनी मिळून, मोठ्याने, एका बैठकीत. कुठे कंटाळा आला तिथे समासात टिंब, बाकी काही लिहायचं नाही. दुसऱ्या वाचनात फक्त 'येतो', 'जातो' या सूचनांखाली रेघा मारायच्या. कोण केव्हा येतं, का येतं, जाताना काय कारण सांगून जातं. तिसऱ्या वाचनात संवाद सोडून कंसातला मजकूर वाचायचा. लेखकाने कोणत्या वस्तू मुद्दाम ठेवल्या आहेत ते तेव्हाच कळतं.

सिनेमा बघायचा तो यानंतर, आणि तोही संहिता मांडीवर घेऊन. 'कट्यार काळजात घुसली' (नाटक 1967, सिनेमा 2015) आणि 'नटसम्राट' (नाटक 1970, सिनेमा 2016) या दोन जोड्या सहज मिळतात. 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा सत्यदेव दुबे यांनी 1971 मध्ये केलेला सिनेमा मिळवून बघा. पटकथा खुद्द तेंडुलकरांची आणि छायाचित्रण गोविंद निहलानींचं. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असलेल्या गावात राहून हे बघितलं नाही, तर मग बोलायलाच नको.

3. दाराचा प्रश्न

आता खरं काम. मला विचाराल तर नाटकावरून सिनेमा करताना एकाच प्रश्नाचं उत्तर आधी मिळालं पाहिजे: ही माणसं इथून उठून जात का नाहीत?

रंगमंचावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. समोर तीन भिंती आहेत, चौथीकडे आपण बसलो आहोत आणि नट तिथेच राहणार हे तिकीट काढतानाच आपण मान्य केलेलं असतं. पडद्यावर ही मान्यता नसते. कॅमेरा कुठेही जाऊ शकतो हे प्रेक्षकाला माहीत असतं, म्हणून तो मनात म्हणतो, 'अगं, मग जा ना निघून!' उत्तर सिनेमातच नसेल तर पुढचा सगळा ताण पोकळ होतो.

चांगल्या नाटककाराने हे उत्तर बहुधा कुठेतरी पेरून ठेवलेलं असतं. 'शांतता!'ची सुरुवात आठवा. बेणारे आणि सामंत हॉलमध्ये येतात, कडीत तिचं बोट चेमटतं आणि सामंत सांगतो की ही बाहेरची कडी नीट सरकवली नाही तर दार लागलं की माणूस आत अडकतो. प्रेक्षक हसून सोडून देतो. पुढे गंमत म्हणून सुरू झालेला खोटा खटला अंगावर येतो आणि बेणारे उठून जायला बघते तेव्हा दार खरंच उघडत नाही. नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या माणसाला ती कडी दिसतही नाही, म्हणून तेंडुलकरांना ती बोलून दाखवावी लागली. कॅमेऱ्याला ती नुसती दिसली तरी पुरते. बोट, गंजलेलं लोखंड, अर्धवट सरकलेली कडी. असा एक शॉट मिळाला की सामंताची चार वाक्यं कमी करता येतील. ती कमी करायची की नाही हा पुढचा विचार. पण पटकथेचा पहिला शॉट कुठला, हे तुम्हाला कळलेलं असतं.

म्हणून तुमच्या नाटकासाठी एका कागदावर लिहून काढा: प्रत्येक मुख्य पात्राला काय अडवतं. खरी कडी, पैसा, लाज, पाऊस, आजारी माणूस, शब्द दिलेला असणं. 'कट्यार'मधला गाणं शिकायला आलेला सदाशिव हवेली सोडू शकत नाही, कारण त्याला हवी असलेली गायकी त्या भिंतींच्या आतच आहे. 'नटसम्राट'चं उलटं आहे. म्हाताऱ्या नटाला, बेलवलकरांना, आत राहता येत नाही, दारं त्यांच्यामागे एकेक करून बंद होत जातात. त्यामुळे 'नटसम्राट' घराबाहेर काढताना फारसं काही तुटत नाही. रस्ता त्या गोष्टीतच आहे. 'शांतता!' मात्र तसं पसरवायला गेलात तर मोडेल.

तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' या हिशेबात कुठेच बसत नाही, म्हणून अभ्यासाला फार चांगलं. 16 डिसेंबर 1972 ला पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) या पुण्याच्या नाट्यसंस्थेने भरत नाट्य मंदिरात ते पहिल्यांदा केलं. त्यात खोली नाही, दार नाही. ब्राह्मणांची ओळच भिंत होते, पडदा होते, पाठ फिरवते, डोलते आणि मागे काय चाललंय ते झाकते. म्हणजे माणसाला अडवणारी वस्तू इथे गर्दीच आहे. 1976 मध्ये के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी 'युक्त' या सहकारी गटातर्फे त्याचा सिनेमा केला. ओम पुरी घाशीराम, मोहन आगाशे नाना फडणवीस. तो सगळ्यांना पचत नाही. पण रंगमंचावरची माणसांची भिंत पडद्यावर कशाने उभी करायची, हा प्रश्न त्यांनी अंगावर घेतला होता आणि नुसता वाडा दाखवून सुटका करून घेतली नव्हती. तुमच्या एकांकिकेत कोरस असेल, माणसंच टेबल-खुर्च्या होत असतील, तर हा सिनेमा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बंद खोली तशीच ठेवूनही सिनेमा होतो, फक्त खोली बदलत राहिली पाहिजे. सिडनी ल्युमेटने 1957 मध्ये बारा ज्यूरींच्या गोष्टीवर केलेला '12 अँग्री मेन' दीड तासाचा आहे आणि जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर आणि लेन्स वाइड. मधल्या भागात डोळ्यांच्या पातळीवर. शेवटी खालून आणि लांब लेन्सने, त्यामुळे छत दिसायला लागतं आणि खोली आवळत येते. फ्लोरियन झेलरने स्वतःच्याच नाटकावरून 2020 मध्ये केलेल्या 'द फादर'मध्ये फ्लॅट तोच, पण सामान आणि रंग हळूहळू बदलतात. विसरत चाललेल्या म्हाताऱ्याबरोबर आपणही गोंधळतो. या दोन्हींना पर्वती लागली नाही.

4. विंगेत काय घडतं त्याची यादी

दुसऱ्या वाचनातल्या रेघा आता बाहेर काढा. रंगमंचावर न दिसता ज्या गोष्टी घडतात, म्हणजे कुणी येऊन सांगतं, फोनवर कळतं, दोन अंकांच्या मध्ये वर्ष जातं, त्यांची यादी करा. प्रत्येकीपुढे एक खूण: दाखवायची, ऐकवायची, की झाकूनच ठेवायची.

मोह असतो सगळं दाखवण्याचा. 'एकच प्याला'त वकील सुधाकराचा मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची वकिलीची सनद जाते. पटकथा लिहिणारा पहिला माणूस तिथे कोर्टाचा भला मोठा प्रवेश लिहितो. पण गोष्ट कोर्टाची नाहीच. मानी माणूस घरी येऊन बायकोसमोर कसा बसतो, याची आहे. कोर्ट दाखवलंत तर घरातला प्रवेश निम्मा फुकट जातो, कारण प्रेक्षकाला सगळं आधीच कळलेलं असतं.

उलट कधीकधी न दिसणारं दाखवणं हाच सिनेमाचा हक्काचा घाव असतो. महेश एलकुंचवारांच्या 'पार्टी'त सगळे ज्याच्याबद्दल बोलतात तो अमृत कधी येत नाही. निहलानींच्या 1984 च्या सिनेमात तो शेवटी पडद्यावर येतो. इतका वेळ नुसतं नाव होतं, त्याला चेहरा मिळतो आणि तोवरच्या साऱ्या गप्पा उघड्या पडतात. असा घाव एका सिनेमात एकदाच. कुठे घालायचा ते ठरवा आणि बाकीच्या बातम्या बातम्याच राहू द्या.

5. काळ बदलायचा का?

आजचं करू या, हे वाक्य बैठकीत येतंच. त्यावर एक चाचणी आहे. तिसऱ्या पायरीत लिहिलेली अडवणारी गोष्ट आजच्या काळात टिकते का ते बघा.

समजा 'एकच प्याला' आजच्या पुण्यात आणलं. सुधाकर शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो, हे सरळ जमतं. त्याला दारूला लावणाऱ्या तळीरामाचं आर्यमदिरामंडळ आज शोधायला लांब जायला नको. शनिवारी रात्री बाणेरच्या कुठल्या तरी सोसायटीच्या टेरेसवर ते भरलेलं असतं, ग्रुपचं नावही तितकंच आचरट असतं आणि दारू पिण्याची तत्त्वज्ञानं गडकऱ्यांच्या काळापेक्षा फार पुढे गेलेली नाहीत. (तळीरामाला नुसता विनोदी करू नका. तो हसवत हसवत घर खातो, म्हणून भीती वाटते.) रामलाल, भगीरथ, गीता, सगळी माणसं सापडतील.

अडतं ते सुधाकराच्या बायकोपाशी, सिंधूपाशी. भाऊ माहेरी न्यायला तयार आहे, ती जात नाही. का? 1919 मध्ये याचं उत्तर ती गाऊन देते: 'कशि या त्यजूं पदाला'. त्या वेळच्या प्रेक्षकाला एवढं उत्तर पुरलं, बालगंधर्वांच्या गळ्यातून तर अधिकच पुरलं. आजची सिंधू हे गाईल तर सिनेमागृहातल्या निम्म्या बायका चिडतील, आणि बरोबर चिडतील. मग तिला काय अडवतं? दोघांच्या नावावरचं गृहकर्ज? मुलाचा ताबा? सासूचं आजारपण? की सोसायटीत 'वकीलसाहेबांची मिसेस' म्हणून मिळणारा मान? शेवटचं उत्तर मला सगळ्यात खरं वाटतं, कारण त्यात तिचाही थोडा दोष येतो आणि ती देवीपणातून सुटते. तुम्हाला दुसरं सुचेल. पण उत्तर सुचेपर्यंत काळ बदलू नका. सुचलंच नाही तर नाटक 1919 मध्येच ठेवा आणि तिच्या गाण्यावर विश्वास ठेवा.

विशाल भारद्वाजने 'मकबूल'मध्ये (2003) हेच केलं. मॅकबेथला राजाचा खून करायला चेटकिणी आणि बायको भरीस घालतात. मुंबईच्या टोळीत चेटकिणी चालणार नाहीत, म्हणून तिथे कुंडल्या मांडणारे दोन पोलीस आले. आणि ती बाई मकबूलची बायको राहिली नाही, डॉनची रखेल झाली. एका बदलाने खुनाला सत्तेच्या जोडीला मत्सर मिळाला. नावं, गाव, पोशाख बदलणं हे सोपं काम. हेतू नव्याने बांधणं हे अवघड, आणि तेच रूपांतर.

6. स्वगताचं काय करायचं

स्वगत म्हटलं की पहिली सूचना येते: व्हॉइस-ओव्हर टाकू. खिडकीशी उभा नट, बाहेर पाऊस, मागून त्याचाच आवाज. कृपा करून नको.

स्वगतात पात्र कुणाशी तरी बोलत असतं; प्रेक्षकाशी, देवाशी, मेलेल्या माणसाशी. पडद्यावर त्या 'कुणाला तरी' उभं करता येतं का बघा. महेश मांजरेकरांच्या 'नटसम्राट'मध्ये विक्रम गोखल्यांचा रामभाऊ आला, जो मूळ नाटकात नाही. त्यामुळे बेलवलकरांना बरोबरीचा श्रोता मिळाला, टिंगल करणारा आणि तोंडावर खरं सुनावणारा. जे एकट्याने बोलायचं ते दोघांत वाटलं गेलं. पात्र वाढवल्याबद्दल नाक मुरडणारे पुण्यात भरपूर भेटतील, पण हा उपाय कामाचा आहे. सुबोध भावे यांच्या 'कट्यार'मध्ये तर खुद्द कट्यारच गोष्ट सांगते.

दुसरा मार्ग म्हणजे स्वगत हाताला द्यायचं. माणूस एकटा असताना काय करतो? कपाट आवरतो, सुटे पैसे मोजतो, बंद पडलेलं घड्याळ हलवून बघतो. आणि तिसरा, थेट लेन्सकडे बघून बोलण्याचा. तो घेतलात तर पहिल्या पाच मिनिटांत एकदा तरी करून दाखवा, नाहीतर मध्येच केलेला पोरकटपणा वाटतो.

7. संवादाला कात्री

नाटकातली वाक्यं लांब का असतात? कारण त्यांना दोन कामं करावी लागतात: बोलणं आणि दाखवणं. पडद्यावर दुसरं काम कॅमेऱ्याचं. एक बनवलेला प्रवेश घेऊ. मुलगा रात्री उशिरा घरी येतो, वडील जागे आहेत. रंगमंचावर असं लिहिलं जाईल:

"आलास? साडेबारा वाजून गेलेत. तुझी आई अकरापर्यंत वाट बघत बसली होती, शेवटी गोळी घेऊन झोपली. ताट झाकून ठेवलंय. जेवायचं तर जेव. आणि उद्यापासून यायचं नसेल तर तसं सांगून जात जा, म्हणजे या घरात एक ताट कमी मांडता येईल."

वाक्य टाळीचं आहे, म्हणून कापायला जिवावर येतं. पडद्यावर: अंधारं स्वयंपाकघर, ओट्यावर झाकलेलं ताट. मुलगा झाकण उचलतो. भात वाळून कडेने कडक झालाय. मागे दिवा लागतो. वडील. त्यांच्याही हातात स्वच्छ, रिकामं ताट आहे. म्हणजे तेही जेवलेले नाहीत.

"आमटी गरम करून घे."

बस. 'एक ताट कमी' हे वाक्य वाईट नव्हतं, पण दोन ताटं एका शॉटमध्ये आली की त्याची गरज संपली. प्रत्येक प्रवेशात असं शोधायचं: कोणती वस्तू फ्रेममध्ये आली तर कोणतं वाक्य निवृत्त होतं.

यालाही अपवाद आहे, आणि मोठा. ज्या नाटकात भाषा हीच घटना असते तिथे कात्री जपून. गडकऱ्यांच्या कोट्या आणि अलंकार सगळे काढून टाकले तर उरतं ते दारूबंदीचं पथनाट्य. तेव्हा एखाद्या पात्राला ती भाषा राहू द्या, ज्याला बोलण्याचीच नशा आहे अशाला. बाकीच्यांनी साधं बोलावं. मग ती भाषा त्या माणसाचा स्वभाव वाटते, जुनाट वाटत नाही.

हशाच्या जागाही तपासा. प्रयोगात हशा वसूल होईपर्यंत नट थांबतात आणि ती थांबण्याची सवय अंगात मुरते. पडद्यावर तिथे नुसतीच रिकामी दोन सेकंदं पडतात.

8. पदं

संगीत नाटक असेल तर ठरवा: पात्रं गाणारी आहेत की गाणं हा संकेत आहे. 'कट्यार'मध्ये माणसं गवईच आहेत, त्यांनी गायलं तर कुणालाच खटकत नाही. महेश काळे यांना त्यातल्या 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सिंधू गवई नाही. तिचं पद ठेवायचं तर ओवीइतकं घरगुती करा, काम करता करता गुणगुणलेलं, एखादाच चरण. विलंबित लयीतला पूर्ण विस्तार पडद्यावर सुरू झाला की गोष्ट थांबते. वन्समोअर देणारं कुणी तिथे नसतं.

9. तालीम: आवाज नाही, अंतर कमी करा

एकांकिकेच्या नटाला "हळू बोल, कॅमेरा आहे" असं सांगितलं की तो हळू आवाजात तेवढाच मोठा अभिनय करतो. भुवया तिथेच, हातवारे तिथेच. त्यापेक्षा जागा बदला. तालीम हॉलमधून उठा आणि दोघांना स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी समोरासमोर बसवा, मध्ये दोन कप चहा. त्यांना तोच प्रवेश असा म्हणायला सांगा की शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस उठता कामा नये. पाच-सहा वेळा झालं की भुवया आपोआप खाली येतात. हातांना काम द्या: लसूण सोलणं, इस्त्री, मोबाइलची काच पुसणं.

दुसरी अडचण पाठांतराची. तीस प्रयोग झालेला नट समोरच्याचं ऐकत नाही. शेवटचा शब्द आला की त्याचं वाक्य सुटतं. यावर माझा आवडता उपाय म्हणजे भूमिका अदलाबदल करून एक पूर्ण वाचन. बापाने मुलाचे संवाद म्हणायचे, मुलाने बापाचे. नंतर आपापल्या जागी आले की दोघंही दचकून ऐकायला लागतात. पुरेशा तालमी असतील तर लांब शॉटही घेता येतात. एलकुंचवारांच्या 'होळी'वर केतन मेहतांनी 1984 मध्ये केलेला सिनेमा लांबलचक शॉटमध्ये आहे; कॉलेजच्या पोरांचा धिंगाणा न तुटता वाढत जातो. रंगमंचावर तयार झालेल्या टीमची ही खरी ताकद, ती दर दोन वाक्यांना कट करून वाया घालवू नका.

10. वाडा मिळाला, आता ऐका

सदाशिव किंवा शनिवार पेठेत वाडा मिळाला की सगळे आधी फोटो काढतात. रेकीला, म्हणजे जागेची पाहणी करायला, जाताना आवाजवाल्याला घेऊन जा आणि ज्या वेळेला शूटिंग आहे त्याच वेळेला जा. वाड्यात पारवे असतात, आणि ते नेमके पॉजमध्ये घुमतात. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, बोळातून दुचाक्या, बाजूला पाडलेल्या वाड्याच्या जागी चाललेलं बांधकाम. दहा मिनिटं डोळे मिटून बसा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. घरी हेडफोन लावून ऐका. नाटकावरच्या सिनेमात संवाद हाच कणा असतो, त्यामुळे आवाज गेला की सगळंच गेलं. नंतर डबिंग करू म्हणाल तर नटांना तोच श्वास पुन्हा सापडत नाही. शूटिंग संपल्यावर प्रत्येक जागेचा नुसता शांततेचा मिनिटभर आवाज नक्की घ्या.

दिव्यांबाबत एकच. रंगमंचावर प्रकाश वरून आणि समोरून येतो, नटांना तो 'घ्यायची' सवय असते. इथे तो खिडकीतून, दारातून, ट्यूबलाइटमधून यावा. नट प्रकाशाकडे सरकत असेल तर त्याला थांबवा आणि अंधारातच बोलू द्या.

परवानग्या: जागामालकाची लेखी, महापालिकेची जागा असेल तर महापालिकेची, रस्ता अडणार असेल तर वाहतूक पोलिसांची. चित्रपटगृहात लावायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागेलच. नाटकाच्या संहितेला मिळालेलं प्रमाणपत्र तिथे उपयोगी नाही. पात्रं सिगारेट ओढत असतील तर त्या दृश्यांवर इशारा येणार, हे फ्रेम लावतानाच लक्षात ठेवा. खालच्या कडेला महत्त्वाची वस्तू ठेवलीत तर ती त्या अक्षरांखाली जाईल.

11. संकलनाच्या टेबलावर

पहिला कट नेहमी लांब होतो आणि लांबी बहुधा प्रवेशांच्या तोंडाशी साचलेली असते. रंगमंचावर माणूस विंगेतून येतो, दिसतो, चालतो, मग बोलतो. पडद्यावर तो आधीच बसलेला असू दे. प्रत्येक प्रवेशाचा पहिला आणि शेवटचा संवाद झाकून बघा. बऱ्याचदा दोन्ही गेले तरी चालतं. ब्लॅकआउटच्या जागी फेड-आउट टाकण्याची खोड मोडा. अंकाचा पडदा पडतो तिथे नाटकाला नेपथ्य बदलायचं होतं, तुम्हाला नाही.

मग दोन माणसांना दाखवा. एकाला ते नाटक तोंडपाठ असावं आणि दुसऱ्याने त्याचं नावही ऐकलेलं नसावं. पहिला सांगेल काय गेलं, त्याची यादी शांतपणे लिहून घ्या. दुसऱ्याला एकच विचारायचं: "ती निघून का गेली नाही?" तो लगेच, न अडखळता उत्तर देऊ लागला तर रंग आणि आवाजाच्या कामाला लागा. "तेच कळलं नाही," म्हणाला, तर पहिल्याच्या यादीत बघा. तुम्ही कापलेल्या एखाद्या साध्या, कंटाळवाण्या वाटलेल्या वाक्यात ती कडी असण्याची शक्यता फार आहे, आणि ते एक वाक्य परत घालायला अर्ध्या दिवसाचं शूटिंग पुरतं.